कोसला : पुन्हा पुन्हा वाचल्यावर, पांडुरंगच्या जमाखर्चासह

पंचविसावा वाढदिवस आला की पुष्कळ जण 'कोसला'ची पहिली ओळ कुठे ना कुठे चिकटवतात. तीच ती 'उदाहरणार्थ'वाली. पन्नाशीला टेकलेली मंडळीही वाक्याच्या शेवटी 'वगैरे' टाकून एकमेकांना ओळख पटवतात. चीड येते ती याची. तीनशेहून जास्त पानांच्या कादंबरीतून लोकांच्या हाती दोन शब्द उरले, आणि त्या दोन शब्दांच्या जोरावर तिला अभिजात म्हणायचा रिवाज पडला. म्हणून काही महिने पुस्तक हाताशी ठेवून, सलग, तुकड्यांत, मधूनच उघडून आणि मोठ्याने वाचून काय हाती लागलं ते लिहितो. भालचंद्र नेमाड्यांची १९६३ सालची ही कादंबरी, नायक आणि निवेदक पांडुरंग सांगवीकर, त्याचा गाव सांगवी ते पुणे आणि पुन्हा सांगवी असा प्रवास, एवढं ठाऊक असलं की पुरे.

आधी तक्रार. ती पैशाची आहे आणि ती शेवटपर्यंत सोडणार नाही.

पांडुरंग सांगवीकरला पुण्यात एकेक गोष्ट निरर्थक वाटत जाते. कॉलेज, परीक्षा, नाव कमावणं, लग्न, संसार, सगळंच. मात्र या निरर्थकतेचा खर्च घरून येतो. वडील गावातलं वजनदार माणूस, शेतीवाडीवाले. हॉस्टेलची खोली, मेस, चहा, सिगारेटी हे त्यांच्या जिवावर, आणि सगळ्यांत जास्त राग त्यांच्यावरच. पहिल्या वाचनात हे फार टोचतं. स्वतःच्या कमाईवर कंटाळलेला माणूस आणि बापाच्या पैशावर कंटाळलेला मुलगा यांना एकाच तराजूत घालायला मन तयार होत नाही.

त्यात अर्पणपत्रिका. पुस्तक 'शंभरातील नव्व्याण्णवांस' अर्पण केलेलं आहे. १९६१च्या जनगणनेत पाच वर्षांवरच्या लोकांमध्ये साक्षरतेचं प्रमाण देशभरात २८ टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे शंभरातल्या सत्तरहून अधिक लोकांना ही अर्पणपत्रिका वाचताच आली नसती. पुण्याच्या हॉस्टेलात वर्षानुवर्षं राहून नापास होण्याची ऐपत असलेला मुलगा त्या काळी शंभरातला एक होता. नव्व्याण्णव त्याच्या वडिलांच्या शेतात किंवा शेजारच्या शेतात राबत असणार. नव्व्याण्णव म्हणजे पहिला नंबर न मिळालेले, असा सौम्य अर्थ लावून सुटता येतं, बरेच लावतातही. मला तो सोयीचा वाटतो.

हे मत पहिल्या वाचनांतलं. ते पुढे सरकलं, आणि ते का सरकलं हे नीट सांगण्यासारखं आहे.

हातात पेन्सिल घ्या. घरून किंवा कुठूनही पैसा आला की समासात अधिक चिन्ह करा, गेला की वजा. कुणाला दिला, कुणी बुडवला, कुणासाठी भरला, हे दोन शब्दांत लिहा. बाकी काही अधोरेखित करू नका, विशेषतः सुंदर वाक्यं. असं पुस्तकभर केलं की जे वाचन विस्कळीत वाटत होतं त्याच्यात एक सांगाडा दिसायला लागतो. अधिक चिन्हं जवळजवळ सगळी एकाच दिशेने येतात. वजाबाक्या मात्र चौफेर आहेत. सुरुवातीला त्या उदारपणाच्या आहेत: मित्रांवरचा खर्च, गॅदरिंग, नाटक, मेस. मुलाला चांगलं म्हणवून घ्यायचं आहे, लोकांना हवंसं व्हायचं आहे, आणि त्याची किंमत तो रोख मोजतो. मग फसवणूक लक्षात येते. त्यानंतर तो हात आखडतो, माणसं आखडतो, बोलणं आखडतो. ज्याला आपण पांडुरंगचं तत्त्वज्ञान म्हणतो ते या तिसऱ्या टप्प्यावर येतं. आधी नाही. खिसा आणि विश्वास एकदमच रिकामे झाल्यावर जग निरर्थक वाटायला लागतं, हा क्रम कादंबरीने इतका गुपचूप ठेवला आहे की तो हिशेब मांडल्याशिवाय दिसत नाही.

मेसचंच घ्या. विद्यार्थ्यांनी चालवायच्या मेसचा कारभार कसा बुडतो हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हा भाग वेगळाच वाचता येईल. वाण्याचा माल उधारीवर येतो, पोरांचे पैसे महिना उलटल्यावर, तेही मागे लागल्यावर. मधला फरक सांभाळायचा सेक्रेटरीने. खरेदी ज्याच्या हातात त्याच्याकडे वजनमापाचा हिशेब कुणी मागत नाही. पाहुण्यांची ताटं लिहायची राहतात. मित्राकडे बाकी मागायला जीभ रेटत नाही. अशा कारभारात चोर एखादाच असला तरी पुरतो, आणि भिडस्त सेक्रेटरी असला तर चोरही लागत नाही. पांडुरंगला सेक्रेटरीपद मिळतं तेव्हा तो मनाने अजून गावातला मोठ्या घरचा मुलगा आहे. मोठ्या घरात दाण्यादाण्याचा हिशेब वडील ठेवतात. मुलाने ठेवला तर तो कद्रू ठरतो. पुण्यात नेमकं तेच अंगाशी येतं.

यानंतर अर्पणपत्रिकेवरची तक्रार सैल झाली, पैशाची झाली नाही. पण ती आता लेखकाविरुद्ध उरली नाही. सांगणारा पांडुरंग पंचविशीचा आहे, गावी परतलेला आहे, पुन्हा बापाच्या छपराखाली आहे. तिथे बसून तो सगळं सांगतो आहे. म्हणजे आख्खी कादंबरी हा दिवाळं निघालेल्याने मांडलेला ताळेबंद आहे, आणि ज्या धनकोसमोर तो मांडायचा तो शेजारच्या खोलीत आहे. या जागेवरून वाचलं की वडिलांवरच्या रागातलं अवघडलेपण कळतं. देणं फिटत नसेल तर राग येतोच.

इथे एक आडवळण. वि. स. खांडेकरांची 'ययाति' १९५९ची, 'कोसला'च्या चारच वर्षं आधीची. तिला ज्ञानपीठ १९७४ सालचं. नेमाड्यांना २०१४ सालचं. भाषेच्या बाबतीत या दोन कादंबऱ्या दोन टोकांवर आहेत हे सगळेच सांगतात. पण दोन्हींत गाठ बाप-मुलाचीच आहे. एकीकडे बाप मुलाचं तारुण्य मागून घेतो. दुसरीकडे बाप मुलाच्या तारुण्याचा खर्च करतो आणि त्याचा हिशेब मागतो. वाचून झाल्यावर दुसरा बाप जास्त ओळखीचा वाटतो, हे मराठी कादंबरी चार वर्षांत किती लांब आली याचं एक माप म्हणता येईल.

आता वापरातल्या अडचणी. पुस्तक बहुतेकांचं सुटतं ते हॉस्टेलच्या वर्षांत. बालपणाचा भाग झरझर जातो, पुण्यात आलं की गाडी रुतते. कारणं साधी आहेत. माणसं आडनावाने येतात, ओळख करून न देता येतात, आणि निघून जातात. प्रसंगातून प्रसंग निघत नाही. एकाशेजारी दुसरा बसतो. ना. सी. फडक्यांच्या बांधेसूद कथानकाच्या तंत्रावर वाढलेल्या वाचकाला १९६३ साली हे जाचलं असेल. मालिकांवर वाढलेल्या वाचकाला आजही जाचतं. उपाय एवढाच की पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर आडनावं लिहून प्रत्येकापुढे दोन शब्द टाकावेत: कोण, आणि किती बुडवले. एका बैठकीत पंचवीस-तीस पानं वाचावीत. कमी वाचली तर नावं विसरतात, जास्त वाचली तर तोच तो सूर कानाला बधिर करतो. आणि हा भाग गाळून पुढे उडी मारू नये, कारण पुढे जे येतं त्याचा आघात या गोंगाटावरच उभा आहे.

तरीही खरं सांगायचं तर या भागात काटछाट चालली असती. गंमत कळल्यावरही गंमत चालू राहते. मित्राबरोबर भविष्यकाळातल्या इतिहाससंशोधकाचा आव आणून आजच्या आयुष्याकडे पाहण्याचा जो खेळ आहे तो सुरुवातीला फक्कड आहे. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातली 'असे दिसते', 'असा तर्क करता येतो' ही भाषा ज्याच्या कानात आहे त्याला तो मोठ्याने वाचताना हसू आवरणार नाही. पण तो दमेपर्यंत खेळला जातो. पंचविशीच्या लेखकाला थांबवणारं कुणी नव्हतं, आणि नंतर अभिजात झाल्यावर कुणाची टाप नव्हती.

रोजनिशीचा भाग उलटा. तो अनेकांना रटाळ वाटतो, कारण तो तारखेवार वाचला जातो. तो एका दमात, भरभर वाचून काढावा. नोंदींपेक्षा नोंदींमधल्या फटी महत्त्वाच्या आहेत. कुठे दोन ओळी, कुठे लांबलचक, कुठे दिवसच्या दिवस गायब. वर्ष कसं वाया जातं हे सांगणारी शेकडो वर्णनं मराठीत असतील, पण वाया जाणं कागदावर घडताना दिसतं ते इथे.

भाषेबद्दल थोडकंच लिहितो, कारण त्याबद्दल साठ वर्षं लिहिलं जातं आहे. ज्यांना 'वगैरे' ही नुसती स्टाइल वाटते त्यांनी एक परीक्षा करावी. एखादं पान घेऊन त्यातले सगळे 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ' खोडावेत आणि पान पुन्हा वाचावं. बऱ्याच जागी काहीच बिघडत नाही. तिथे ती लकबच आहे, आणि लेखकाने ती सढळ हाताने वापरली आहे. पण काही जागी वाक्य एकदम पोकळ किंवा एकदम भावुक होतं. तिथे तो शब्द झाकण म्हणून बसवलेला होता. त्या जागा शोधण्यासारख्या आहेत. 'कोसला'नंतर ज्यांनी ही शैली उचलली त्यांनी झाकणं उचलली; खाली भांडं ठेवायचं राहिलं. त्याचा दोष मूळ पुस्तकावर टाकता येत नाही, पण अनुकरणांचा कंटाळा मूळ पुस्तकाच्या वाचनात मिसळतो हेही खरं. आज पहिल्यांदा वाचणाऱ्याला ही भाषा जुनी वाटते ती यामुळे.

धाकट्या बहिणीच्या मृत्यूच्या भागात हे सगळं गळून पडतं. ती देवीच्या रोगाने जाते. आजच्या वाचकाला इथे थोडी माहिती लागते, नाहीतर हा नुसता दुःखद प्रसंग वाटून जातो. देवीच्या निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे १९६२ साली सुरू झाला, आणि देशातला देशांतर्गत संसर्गाचा शेवटचा रुग्ण १९७५ सालचा. म्हणजे पुस्तक छापलं गेलं तेव्हा देवी हा रोजच्या जगण्यातला आजार होता. टोचून घेण्याची सोय होती, आणि तरी गावोगाव मुलं जात होती. टाळता येण्यासारखं मरण, हा या भागातल्या संतापाचा गाभा आहे. इथे पांडुरंग विनोद करत नाही, झाकण ठेवत नाही. घरादारावर, रीतींवर, वडीलधाऱ्यांवर तो जे तोंड सोडतो त्याला ना उपमा आहे ना तोल. मराठी गद्यात दुःख लिहायची जी गोड रीत होती ती या पानांनी मोडली.

आणि पुन्हा पैसा. समासातली चिन्हं करत आलेल्याला इथे दोन गोष्टी शेजारी-शेजारी दिसतात. एका मुलाच्या पुण्यातल्या वाया गेलेल्या वर्षांवर घराने काय ओतलं, आणि त्याच घरात मुलीच्या वाट्याला किती आयुष्य आलं. कादंबरी ही तुलना बोलून दाखवत नाही. पण पांडुरंगचा राग एवढा बेफाम का, यात स्वतःवर झालेल्या खर्चाचा वाटा असावा असं मला वाटतं. हे वाचन कुणाला ताणलेलं वाटेल. चिन्हं करून पाहावीत.

याच ठिकाणी पुस्तकाची मोठी उणीवही उघडी पडते. गावातल्या बायका, आई, आजी, बहिणी, थोड्या ओळींत जिवंत होतात. पुण्यात मात्र बाई जवळजवळ नाहीच. ज्या शहरात मुली कॉलेजात शिकत होत्या, सायकली हाणत होत्या, तिथे या हुशार, चौकस मुलाला एकही मुलगी माणूस म्हणून भेटत नाही. 'त्या काळी असंच होतं' हा बचाव पुरत नाही, कारण इतर बाबतींत हा निवेदक काळाच्या पुढचं बघतो. ज्या मुली 'कोसला' अर्ध्यात सोडतात त्यांना 'कळली नाही' म्हणणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.

नक्कल केल्याचा जुना आरोप एकदा निकालात काढायला हवा. जे. डी. सॅलिंजरची 'द कॅचर इन द राय' १९५१ची. तीही पहिल्या पुरुषात, तिचाही नायक, होल्डन, शिक्षणातून बाहेर फेकलेला, तोही सगळ्यांना ढोंगी समजणारा. साम्य आहे आणि ते दडवण्यात अर्थ नाही. पण इथेही खिसा तपासला की फरक हाताशी येतो. होल्डनला पैसे आजी पाठवते, आणि तो ते न्यूयॉर्कमध्ये दोन-तीन दिवसांत उडवतो. नन्सना दहा डॉलर देतो, लिफ्टवाल्याशी पाच डॉलरवरून भांडण होतं. शेवटी लहान बहीण फीबी आपले नाताळचे पैसे त्याच्या हातात ठेवते तेव्हा तो रडतो. बाप तिथे प्रत्यक्ष येतच नाही. हिशेब मागणारं कुणी नसल्यामुळे होल्डनचा प्रवास दोन-तीन दिवसांत आटोपतो. पांडुरंगला वर्षानुवर्षं लागतात, कारण इथे प्रत्येक सुट्टीला घरी जायचं असतं आणि दारात वडील असतात. दोन्ही पुस्तकं धाकट्या बहिणीपाशी येऊन फुटतात हे साम्य मात्र निवेदनाच्या लकबीपेक्षा खोल आहे, आणि आरोप करणारे नेमके त्यावर बोलत नाहीत.

मग 'अभिजात' ही पदवी खरी की नाही? खरी आहे. फक्त ती ज्या कारणांसाठी दिली जाते ती कारणं बदलावीत. बंडखोर नायक, निरर्थकता, तुटक भाषा ही १९६३ सालची नवलाई होती आणि नवलाईचं वय उलटून गेलं. टिकलं ते बाप-मुलाच्या देण्याघेण्याचं इतकं बारीक, लाजिरवाणं चित्र, बहिणीच्या मृत्यूची पानं, आणि वाया जाणाऱ्या वर्षाची ती रोजनिशी. एवढ्यावर कुठल्याही भाषेत पुस्तक टिकेल. मधल्या हॉस्टेलातली काही पानं नसती तरी चाललं असतं, आणि हे म्हटल्याने पुस्तकाचा अपमान होत नाही.

कुणाला द्यावं याबद्दल: अठरा-एकोणिसाव्या वर्षी, घर सोडून शिकायला निघालेल्याला देऊ नये असं आता वाटतं. त्या वयात पांडुरंग आदर्श वाटतो आणि नापास होण्याला वजन येतं. पहिली नोकरी लागल्यावर, पहिल्यांदा घरी पैसे पाठवायची वेळ आल्यावर द्यावं. इंग्रजीतून वाचू पाहणाऱ्यासाठी सुधाकर मराठे यांचा 'ककून' हा अनुवाद आहे. आशय पोचतो, पण गावची बोली आणि कॉलेजची बोली यांतली जी उडी मूळ मराठीत कानाला कळते ती कुठल्याही अनुवादात सपाट होणारच. मराठी वाचता येणाऱ्याने तो रस्ता धरू नये.

आणि ज्याला माझ्यासारखा हा पैशाचा मुद्दा शेवटपर्यंत खुपत राहील त्याने 'कोसला'वर अडून न बसता नेमाड्यांची पुढची चार पुस्तकं घ्यावीत. तिथला चांगदेव पाटील नोकरी करतो, कॉलेजांतून इंग्रजी शिकवतो आणि स्वतःच्या पगारावर वैतागतो. त्याच्याशी भांडताना बापाचा पैसा मध्ये येत नाही. क्रम असा: 'बिढार', 'हूल', 'जरीला', 'झूल'. चारही १९७५ ते १९७९ या काळातली आहेत. 'बिढार' सोडून मधूनच सुरू करू नये, माणसं हरवतात.